ब्लागुनाच्या खाटेखालची बादली

मी एक जुनी इनॅमलची बादली आहे. अंग पांढरे, काठाला निळी पट्टी, आणि बुडाशी इतके टवके उडालेले की आतले काळे लोखंड दुरूनही दिसते. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायला बसणार असाल तर आधीच सांगून ठेवते, ही ओकारीची गोष्ट आहे. ज्यांना किळस येत असेल त्यांनी खुशाल उठून जावे. मी जिच्याविषयी सांगणार आहे, तिला उठून जायची सोय नव्हती.

मला घडवताना आधी पत्रा ठोकला, मग काचेच्या पातळ राबडीत बुडवले आणि लालभडक भट्टीत घातले. तेव्हा मी फार ओरडले असेन, पण आता ते दुखणे आठवत नाही. आठवतो तो स्त्रुमित्सा शहराचा बाजार. तिथून वेलिकाच्या बापाने मला तिच्या रुखवतासाठी उचलले. झाकण आणि ओगराळे सोबत मिळाले. सासरी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बाकावर बसवले आणि पिण्याचे पाणी माझ्याकडे सोपवले. काय तो मान! माझ्यात कोणी हात बुडवला तर पाठीत धपाटा बसायचा. पाणी ओगराळ्याने घ्यायचे, झाकण लगेच लावायचे. पाहुणा आला की आधी माझ्याकडे पाहायचा आणि मग घरच्यांची खुशाली विचारायचा.

वेलिका तेव्हा नवी नवरी होती. गालांवर लाली, जिभेला धार. वर्षाच्या आतच तिला दिवस गेले आणि ती ओकायला लागली. थोडेथोडके नव्हे. सकाळी ओकायची, दुपारी ओकायची, कोणी कांदा चिरला की ओकायची. तिची सासू म्हणाली, "पोटात पाणी ढवळतं म्हणून ओकारी येते. पाणी बंद, की ओकारी बंद." आणि त्या दिवसापासून म्हातारी माझ्या झाकणावर हात ठेवून बसू लागली. मी काठोकाठ भरलेली असायचे. वेलिका दोन हातांवर भिंतीला टेकून माझ्याकडे बघत असायची. मला तर उलटी होऊन सांडायचीही अक्कल नव्हती.

त्याच सुमारास शेजारच्या झोर्काने मासा तळला. झोर्काही वेलिकाच्याच वयाची, नुकतीच लग्न होऊन आलेली. आमच्याकडे रीत अशी, की गर्भारशीला ज्या पदार्थाचा वास लागला, त्याचा घास तिला मिळालाच पाहिजे. नाही मिळाला तर मूल राहत नाही, आणि ते पाप घास न देणारीच्या माथी बसते. पण झोर्काच्या सासूने माशाचे तुकडे मोजून ठेवले होते. बिचारी घाबरली आणि कुंपणाकडे फिरकलीच नाही.

थोड्याच दिवसांत वेलिकाचे मूल गेले. म्हातारीने क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, "मासा. झोर्कानं घास दिला नाही." तिने तसे म्हणणे साहजिकच होते. नाहीतर कोणीतरी विचारले असते, की झाकणावर हात कोणाचा होता?

वेलिकाने ते खरे मानले. पुढे मुलगा झाला, त्या इल्कोच्या वेळी तिला काडीचाही त्रास झाला नाही, त्यामुळे ती पहिली खेप आठवली की तिला तहान आठवत नसे, फक्त मासा आठवत असे. ती झोर्काशी पुन्हा बोलली नाही. मात्र झोर्काबद्दल ती सगळ्यांशी बोलली. विहिरीवर, चर्चच्या पायरीवर, तंबाखूच्या शेतात. झोर्का गल्लीतून गेली की पोटुशी बाई शाल पोटावर ओढायची. झोर्काच्या आयुष्याची अशी माती झाली, आणि तिने कोणाचे काहीच केले नव्हते.

मग घरात नळ आला आणि माझी किंमत उतरली. मी चुना कालवला, कोंबड्यांचे दाणे वाहिले, एका हिवाळ्यात तर नुसती राख भरून पडून होते. झाकण हरवले. ओगराळे कोणीतरी उचलून नेले. म्हातारी सासू मेली, वेलिकाचा नवरा मेला. इल्को मोठा झाला, त्याने डोंगराकडच्या गावातली ब्लागुना लग्न करून आणली, आणि तिला दिवस गेले न गेले तोच सैन्यातली सक्तीची नोकरी करायला निघून गेला.

मित्रांनो, इथून माझी खरी नोकरी सुरू होते. पडवीतून मला कोणीतरी घाईघाईने ओढले आणि ब्लागुनाच्या खाटेखाली ठेवले.

तिचे तोंड मी जितक्या जवळून पाहिले तितके तिच्या नवऱ्यानेही पाहिले नसेल. घामाने चिकटलेले केस, कडांनी फुटलेले ओठ, आणि डोळ्यांत शरम. प्रत्येक वेळी ओकून झाले की ती मला हळूच म्हणायची, "माफ कर हं." बादलीची माफी मागणारे माणूस मी पहिल्यांदाच पाहिले. उठून बसली तरी तिला ओकारी येई, आडवी झाली तरी येई. साबणाचा वास, ओल्या लोकरीचा वास, सासूच्या डोक्यावरच्या तेलाचा वास. तिला काहीच चालत नव्हते. हे आजारपण होते, नखरे नव्हते. पण ते सांगायला मला तोंड कुठे होते? माझे तोंड दुसऱ्याच कामाला लावले होते.

वेलिकाने हाय खाल्ली. सून ओकताना पाहिली की तिच्या डोळ्यांपुढे तो मासा तरंगायचा. तिने गल्लीभर फिरून दवंडी पिटावी तसे सांगितले, "ज्याच्या घरी चूल पेटेल, त्यानं माझ्या सुनेचा घास काढायचा. विसरलात तर तुमच्या दारात येऊन बसेन." फक्त झोर्काच्या फाटकापाशी ती थांबली नाही.

आणि घास येऊ लागले. चार घरांतून, मग दहा घरांतून. कांद्याच्या पातीची तेलकट पोळी, धुरातल्या मांसाबरोबर शिजवलेला घेवडा, आंबवलेल्या कोबीत गुंडाळलेला भात. वाऱ्याचा झोत लागेल म्हणून खिडकी बंद. त्या कोंदट खोलीत एकेक बाई वाफाळती ताटली घेऊन यायची आणि खाटेवर गुडघा टेकायची.

सगळ्यांत चिवट सावेता, कोपऱ्यावरच्या घरातली. "उघड गं तोंड. मला का पापात पाडतेस?"

"काकी, नको. आत्ताच झालीय उलटी."

"मग जागा झाली की! एवढासा घास. गिळ, आणि मग हवं तर ओक. तू गिळलंस हे मी डोळ्यांनी पाहिलं, की माझं काम झालं."

ब्लागुना गिळायची. सावेता उंबरठा ओलांडायच्या आत ते माझ्यात पडायचे. बाहेर अंगणात सावेता वेलिकाला सांगायची, "खाल्लं हं तिनं माझं!" आणि मग दोघी मिळून आजकालच्या पोरींवर घसरायच्या. आम्ही पोटुशा होतो तेव्हा उन्हात तंबाखू तोडला, आम्हाला कोणी खाटेवर निजवलं नाही, ह्या म्हणजे काचेच्या बाहुल्या. वेलिकाही म्हणायची, "मला तर कळलंही नाही कधी दिवस गेले आणि कधी भरले." मी खाटेखाली बसून ऐकत होते. तिला भिंतीला टेकून माझ्या झाकणाकडे बघताना पाहणारी त्या घरात आता मीच एक उरले होते.

पाण्याचेही तेच झाले. ब्लागुना घटाघटा एक पेला प्यायची, कारण तिला तहान लागलेली असायची, आणि तो पेला जसाच्या तसा माझ्यात यायचा. दोनतीनदा असे झाल्यावर वेलिकाने ठरवले. "पाणी बंद, की ओकारी बंद," तिने तिच्या सासूचेच वाक्य उच्चारले, शब्द न शब्द तोच. मला वाटते तिला ते आपलेच वाटले.

"अहो आई, एक घोट द्या."

"घोट आत, घोट बाहेर. कशाला पोटाला ताप? सुकं खा, म्हणजे टिकेल."

"जीभ टाळूला चिकटतेय हो."

"बोलू नकोस, म्हणजे नाही चिकटणार."

ओकून झाल्यावर चूळ भरायला मात्र पाणी मिळायचे, तेही एका कपात. एकदा ब्लागुनाने चूळ भरली आणि थुंकल्यासारखे करून अगदी थोडे पाणी गिळले. ते माझ्यात परत येईल म्हणून मी वाट पाहिली. काही झाले नाही. ते पाणी राहिले! थोड्या वेळाने तिने पुन्हा तसेच केले, चमचाभर. तेही राहिले. तिच्या चेहऱ्यावर चोरीचा आनंद होता. पुढल्या खेपेला वेलिकाने तिच्या गळ्याची हालचाल पाहिली आणि कप काढून घेतला.

"चूळ भरायला दिलंय, प्यायला नाही. माझ्याशी लबाडी करतेस? पोर गेलं तर कोणाला तोंड दाखवू मी?"

"मला डॉक्टरकडे न्या. इल्को असता तर त्यानं नेलं असतं."

"उलट्यांसाठी डॉक्टर! गाव हसेल. म्हणेल, वेलिकाला सून सांभाळता येत नाही."

त्यानंतर कप आला नाही. ओला फडका यायचा, तोंड पुसायला. ब्लागुना फडक्याचे टोक चोखायची, तेव्हा वेलिकाने फडकाही पिळून आणायला सुरुवात केली. हे सगळे तिने प्रेमाने केले, मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. तिला तो नातू हवा होता. त्यासाठी तिने मेरीमातेपुढे मेणबत्त्या लावल्या, गुडघे टेकले. फक्त पाणी तेवढे दिले नाही.

आता बादलीच्या कामातली गोष्ट सांगते, ती मला बरोबर समजते. आधी माझ्यात घास पडायचे. मग आंबट पाणी. मग पिवळे, कडू. मग हिरवट, चिकट, कसेबसे बूड भिजेल इतके. आणि मग काहीच नाही. ब्लागुना ओणवी व्हायची, पाठ वाकायची, घशातून फाटल्यासारखा आवाज यायचा, आणि माझ्यात एक थेंबही पडायचा नाही. पुढे तिने ओणवे होणेही सोडले. ती नुसती पडून राहिली. लघवीलाही उठेना.

वेलिकाने मला उजेडात नेऊन आत पाहिले.

"कोरडी!" ती किंचाळलीच. "सावेते, ये गं, बघ! बादली कोरडी! थांबली ओकारी!"

सावेताने छातीवर क्रूस काढला. "मी म्हटलं नव्हतं? घास लागू पडले."

ते मिरच्यांचे दिवस होते. लांब लाल गोड मिरच्या पत्र्यावर भाजायच्या, सोलायच्या आणि तेलात घोटून वर्षभराचा आयव्हार बरण्यांत भरायचा. गल्लीत प्रत्येक अंगणात जाळ होता आणि भांडी कमी पडत होती. मला राखेने घासले, वर उकळते पाणी ओतले आणि माझ्यात धुतलेल्या मिरच्या भरल्या. ब्लागुनाच्या खोलीच्या दाराशीच मला ठेवले होते. अंगणात बायकांची थट्टामस्करी चालली होती. कोणी म्हणाली मुलगा होणार, कोणी म्हणाली इतका छळणारा म्हणजे मुलगाच. मी चकचकीत, मिरच्यांनी भरलेली, आणि आत खाटेखाली काहीच नाही. मी कोरडी निघाल्याचे ते कौतुक मला फार टोचले.

पहिली मिरची सोलली. वेलिकाने तिच्यावर मीठ आणि लसूण घातले, पावाच्या तुकड्यावर ठेवली आणि आत गेली. दार उघडेच राहिले.

"हा घास शेवटचा. वास लागलाय, घ्यायलाच हवा. हं."

ब्लागुनाने प्रतिकार केला नाही. तोंड आधीच अर्धे उघडे होते. वेलिकाने तुकडा जिभेवर ठेवला. तो तिथेच राहिला.

"गिळ ना गं."

तुकडा तिथेच.

मग वेलिकाने तो आत ढकलायला बोट घातले. लाळ नव्हती. बोट कोरडेच बाहेर आले.

ती त्या बोटाकडे पाहत उभी राहिली. बाहेर सावेता मोठमोठ्याने काहीतरी सांगत होती, कोणीतरी खिदळत होते. वेलिकाने ते बोट स्वतःच्या जिभेला लावले आणि मग टाळूला. तिचा चेहरा बदललेला मी पाहिला. ती तेव्हा सासू नव्हती, आजी होऊ घातलेली म्हातारी नव्हती. ती भिंतीला टेकून बसलेली नवी नवरी होती आणि तिची जीभ टाळूला चिकटली होती.

ती बाहेर आली, माझी कडी धरली आणि मला उपडी केली. लाल मिरच्या चिखलात पसरल्या.

"अगं बाई, वेड लागलं का हिला?" सावेता ओरडली.

वेलिका मला हातात घेऊनच धावली. कशासाठी, ते तिलाही ठाऊक नसावे. गल्लीत गाडी एकाच घरी होती. झोर्काच्या.

झोर्का आपल्या फाटकाशी मिरच्या भाजत होती. तिने वर पाहिले आणि चिमटा खाली ठेवला नाही.

"झोर्के, गाडी काढ. पोर मरतेय."

"तुझ्या घरात कोणी मेलं, तर ते मीच मारलं असणार. मग गाडी कशाला मागतेस?"

"पाया पडते तुझ्या."

"पाया पडू नकोस. तोंड उघड. इतकी वर्षं उघडलंस, आज एकदा अजून." झोर्काचा आवाज चढला नाही. "सगळी गल्ली बाहेर आहे. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. माझ्या माशानं तुझं पोर मारलं?"

"आत पोर..."

"तेवढा वेळ आहे. माझ्याकडे तर आयुष्यभराचा होता."

मित्रांनो, मला झोर्काचा राग आला आणि मला तिचे पटलेही. दोन्ही एकदमच. आत एक मुलगी वाळून चालली होती आणि इथे दोन म्हाताऱ्या जुना हिशेब चुकवत होत्या. झोर्काच्या मुलाने तोवर गाडीचे दार उघडले होते, पण आईचा शब्द होईपर्यंत तो जागचा हलेना.

"नाही!" वेलिका ओरडली. जाळाशेजारच्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. "तुझ्या माशानं नाही मारलं! मला पाणी दिलं नव्हतं कोणी! सासूनं पाणी बंद केलं होतं, आणि मी... मी पण..."

"बस," झोर्का म्हणाली आणि मुलाला म्हणाली, "चल, उचलू तिला."

इस्पितळात ब्लागुनाच्या हाताला नळी लावली आणि वर बाटली टांगली. मला तिथेही खाटेखालीच ठेवले. त्या बाटलीतले पाणी थेंब थेंब तिच्या अंगात जात होते आणि वेलिका मान वर करून नुसती त्या थेंबांकडे बघत होती. डॉक्टरीण बाई दमलेली होती, बोलायला फटकळ.

"पाणी कोणी बंद केलं?"

"मी. उलटी थांबावी म्हणून. आणि थांबली की हो! बादली कोरडी झाली होती."

"आत काही उरलंच नव्हतं, म्हणून थांबली. ते बरं होणं नव्हतं, बाई." मग तिने बोटाने हवेत चमचा धरल्यासारखे केले. "पेला नाही द्यायचा. चमचा द्यायचा. ओकली तरी थोड्या वेळानं पुन्हा चमचा. नुसतं पाणी नको वाटलं तर बर्फाचा खडा, लिंबाचं सरबत, मीठसाखरेचं पाणी. जे पोटात राहील ते. खायचं मग बघू, सुकं बिस्कीट, टोस्ट, तिला वाटेल तेव्हा. वास मारेल ते सगळं दाराबाहेर. आणि लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा होईनाशी झाली, उभं राहिलं की अंधारी आली, पाण्याचा चमचासुद्धा टिकेना, तर गाव काय म्हणेल ते बघत बसायचं नाही. उचलून इथे आणायचं."

ब्लागुना वाचली. मूल मात्र राहिले नाही.

"माझ्यामुळे गेलं का?" वेलिकाने विचारले.

"ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण ही तुझ्यामुळे जाणार होती, ते सांगू शकते."

घरी परतल्यावर बायका भेटायला आल्या. काळे रुमाल, हातात पाव, तोंडावर दुःख. खोलीच्या दाराबाहेर अंगणात बसल्या. मी पायरीशी होते. ब्लागुना आत खाटेवर होती आणि पडदा एवढा पातळ की तिला सगळे ऐकू जात होते. बायकांनी आधी रडून घेतले, मग शोध सुरू केला. कोणाचा घास राहिला? दुसऱ्या गल्लीत कोणी भोपळ्याची पोळी केली होती म्हणे.

"घास कोणाचाच राहिला नाही," वेलिका म्हणाली. "मी पाणी दिलं नाही. मला माझ्या सासूनं दिलं नव्हतं आणि मी हिला दिलं नाही."

मग सावेताने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "नको गं असं स्वतःला लावून घेऊस. तू जीव टाकलास सुनेवर. आम्ही पाहिलं नाही का?"

"मी कप काढून घेतला तिच्या हातातून."

"दुःखानं बडबडतेय बिचारी." सावेताने इतरांकडे पाहून मान हलवली आणि आवाज खाली आणला. "आणि शेवटी पोरीला नेलं कोणाच्या गाडीतून? झोर्काच्या. बसली असेल शेजारी. काय म्हणावं आता?"

"झोर्कानं वाचवलं तिला!" वेलिका ओरडली.

"हो, हो. वाचवलं. तू पड जरा."

बघा कसे असते. खोटे सांगितले होते तेव्हा एका दिवसात गावाने उचलून धरले. खरे सांगितले तेव्हा तिला थोपटून गप्प केले. ते खोटे आता एकट्या वेलिकाचे राहिले नव्हते. गल्लीतल्या प्रत्येक बाईने कधीतरी कोणाच्या तरी झाकणावर हात ठेवला असणार.

बायका गेल्या. वेलिकाने पेलाभर थंड पाणी आणले आणि आत गेली. जाताना मलाही उचलून खाटेखाली सरकवले, सवयीने.

ब्लागुनाने पेला घेतला. त्याच्याकडे पाहिले. मग खाली वाकून तो सगळा माझ्यात ओतला.

"मला तहान नाही, सासूबाई."

तोवर ती तिला आई म्हणत असे.

झोर्काने तरी माफ केले असेल असे वाटते तुम्हांला? वेलिका तिच्या फाटकाशी गेली होती. झोर्का कुंपणाच्या आतूनच म्हणाली, "एकदा खरं बोललीस, बरं केलंस. पण माझ्या तरुणपणी माझ्या दारावरून बायका पोट झाकून जायच्या. ते दिवस आणून देशील? मग जा."

त्या हिवाळ्यात वेलिकाने मला पुन्हा घासून लख्ख केले. नवे झाकण आणले, नवे ओगराळे आणले. गावात कोणाला दिवस गेल्याचे कळले की ती मला पाण्याने भरून त्या फाटकाशी जायची आणि उभी राहायची. "चमचा चमचा द्या गं तिला. घास नको, पाणी द्या." फाटके बंद व्हायची. कोणी आतून म्हणायची, "जिच्या हातून दोन पोरं गेली, तिचं पाणी कोण पिणार?" ज्या बायका पूर्वी झोर्काला पाहून पोट झाकायच्या, त्या आता वेलिकाला पाहून झाकू लागल्या. सावेताने तर एकदा माझ्यावर थुंकून दृष्ट काढली. थंडीत हिंदकळलेले पाणी वेलिकाच्या पायांवर सांडायचे आणि ती भरलेली बादली तशीच परत आणायची.

इल्को सैन्यातून परतला. त्याने अंगणाच्या टोकाला स्वतंत्र खोली बांधली आणि दोघे तिथे राहायला गेले. पुढच्या वर्षी ब्लागुनाला पुन्हा दिवस गेले, आणि पुन्हा तेच. तसेच ओकणे, तसेच ओठ फुटणे. ज्याला वाटते की एकदा सोसले की दुसऱ्यांदा सोपे जाते, त्याने माझ्या जागी बसून पाहावे.

वेलिका मला भरून त्या दाराशी गेली. दार बंद होते.

"ब्लागुना, पाणी आणलंय."

आतून आवाज आला. "बाहेर ठेवा. आणि जा."

तिने मला पायरीवर ठेवले आणि ती मागे सरली. दार किलकिले झाले, एक हात बाहेर आला, त्याने मला आत घेतले, दार बंद झाले.

खिडकी उघडी होती. इल्को बाहेर जेवायचा, तेही गार झालेले. ब्लागुना माझ्यातले पाणी चमच्याने घ्यायची, ओकायची, तोंड पुसायची आणि पुन्हा चमचा उचलायची. आता खाटेखाली प्लास्टिकचे घमेले होते. मला पाण्याचेच काम दिले होते, हे मी अभिमानाने सांगते. झोर्का आपल्या फ्रीजमधला बर्फ वाटीत घालून आणायची आणि पायरीवर बसलेल्या वेलिकाकडे न पाहता थेट आत जायची. कोणी घासाची ताटली घेऊन आले तर वेलिका उठून उभी राहायची. "पुढे पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन." सावेताची ताटली तिने खरोखरच कोबीच्या वाफ्यात भिरकावली. तरीही एकदा चमचाही टिकेना, लघवी काळी झाली, तेव्हा इल्कोने कोणाला विचारले नाही, झोर्काच्या मुलाला हाक मारली आणि गाडीतून तिला इस्पितळात नेले. दोन दिवस नळी लावली आणि ती परत आली. वसंतात मुलगी झाली. काळीसावळी, रडकी, धडधाकट.

मित्रांनो, मी साधी बादली आहे, मला शहाणपण शिकवायचा अधिकार नाही. पण तुमच्या घरी, शेजारी, कोणी पोटुशी बाई ओकत असेल, तर ती काय खात नाही हे विचारत बसू नका. शेवटचे पाणी कधी प्यायली ते विचारा. लघवीला कधी गेली ते विचारा, लाजू नका. आणि तिच्या उशाशी चमचा ठेवा. भांडे कोरडे दिसले म्हणून टाळ्या पिटू नका, आधी तिची जीभ पाहा. आणि ती "नको" म्हणाली तर तुमचा घास घेऊन घरी जा. तुमचे पुण्य तिच्या घशात कोंबू नका.

मुलगी आता रांगते. ह्या खोलीत अजून नळ नाही. इल्को दर आठवड्याला म्हणतो, मुख्य घरातून नळ ओढतो, एका दिवसाचे काम आहे. ब्लागुना म्हणते, "राहू दे." रोज सकाळी दार किलकिले होते आणि मी रिकामी पायरीवर येते. वेलिका मला भरून आणते, खाली ठेवते, आणि आतला रडण्याचा, हसण्याचा आवाज थोडा वेळ ऐकते. मग दार उघडते, हात बाहेर येतो आणि मला आत नेतो. तिला अजून कोणी आत बोलावलेले नाही.